फोटोतल्या चौथ्या बाईचे घर

मी, एपिफानियो माकाराएग, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा फोटो काढणे, राहणार हातपंप गल्ली, मालाबोन, कोणाच्या दडपणाशिवाय आणि दारूच्या थेंबाशिवाय हे लिहून ठेवतो. डोके शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझा पुतण्या रोमुलो एखादा जुना कागद पुढे आणील, तर तो खोटा समजावा.

माझी पत्नी दोरिंग आणि मुलगा बेन्हामिन माझ्याआधी गेले. माझ्या मालमत्तेवर हक्काने हात ठेवील असे कोणी उरलेले नाही. रोमुलोला हे वकिलांनी समजावले आहे, आणि तो समजल्यासारखे करतो.

कलम १. मोटारसायकल, तिची साइडकार आणि स्टुडिओची पाटी रोमुलोला. पाटीवरचे आडनाव त्याचेही आहे, एवढेच कारण.

कलम २. चालणारा कॅमेरा गल्लीच्या शाळेला. बंद पडलेला माझ्या शवपेटीत ठेवू नये. लोकांना वाटेल, याने तिथेही दुकान मांडले.

कलम ३. निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यांत माळ्यावर आहेत. भरतीचे पाणी तिथवर चढत नाही. बाप्तिस्मे, लग्ने, शवपेटीभोवती जमलेले नातलग, हे फोटो लोकांनी विकत घेतले. बाकीचे कोणी मागितले नाहीत: टबात कपडे चुबकणाऱ्या बायका, दोरीवरची सुकी मासळी, गुडघाभर पाण्यात टेबल मांडून पत्ते कुटणारे पुरुष. “पान्योंगदादा, थांबा की मेलं, केस तरी विंचरू द्या!” असे प्रत्येक बाई ओरडायची; पान्योंग हे माझे गल्लीतले नाव. ती केस विंचरून यायची तोवर माझा फोटो काढून झालेला असायचा. शिव्या खाल्ल्या, पण फोटो चांगले आले. या डब्यांचे काय करायचे ते कलम ५ मध्ये आहे.

कलम ४. शेजारी दोमिनादोर कोंबडे झुंजवतो. मेलेला कोंबडा मांडीवर घेऊन रडताना मी त्याचा फोटो काढला, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. आमच्या मधल्या पातळ भिंतीशी बोलतो, मी ऐकावे म्हणून. “काही लोकांना दुसऱ्याच्या घरची मयतसुद्धा तमाशा वाटते!” ती निगेटिव्ह मी आज सकाळीच त्याच्या दाराखालून सरकवली आहे, म्हणून ती मालमत्तेत धरू नये. त्याने जाळावी किंवा ठेवावी. गल्लीतला तो सर्वात चांगला फोटो आहे आणि मी माफी मागणार नाही.

कलम ५. घर, खालच्या जागेसकट, आणि माळ्यावरचे सगळे डबे मी इलुमिनादा बागतास हिला देतो. कायमचे देतो, नुसते राहण्यापुरते नाही.

कारण लिहावे लागत नाही, असे वकील म्हणतात. मला लिहायचे आहे.

आमच्याकडे तिघांचा फोटो कोणी काढून घेत नाही. मधला आधी मरतो म्हणतात. म्हणून तिघे उभे राहिले की चौथे माणूस हवे, आणि ते माणूस म्हणजे ही इलुमिनादा, गल्लीची लुमिंग. ती कोपऱ्यावर साखरेत तळलेली केळी विकते. “ए लुमिंग, ये गं, उभी राहा पटकन!” अशी हाक आली की झारा खाली ठेवायची, झग्याला हात पुसायची आणि कडेला उभी राहायची. हसत नसे. हसू घरच्यांचे, मी बाहेरची, असे तिचे म्हणणे. गल्लीत ती नाही अशी भिंत नाही. तिचे स्वतःचे लग्न झाले नाही. फोटो झाल्यावर तिला जेवायला थांब म्हटलेले मी कधी ऐकले नाही. “जा बाई, केळी जळतील,” एवढे मात्र काळजीने सांगत.

आमचा तिघांचा फोटो निघाला तेव्हाही ती चौथी होती. तरी बेन्हामिन त्याच वर्षी तापाने गेला. रीत पाळलेली होती, त्यामुळे दोष द्यायला कोणी सापडले नाही. प्रार्थनेला नऊ दिवस सगळी गल्ली आली. दहाव्या दिवशी एकटी लुमिंग आली, आणि पुढे येतच राहिली. दोरिंग अंथरुणाला खिळली तेव्हा तिचे केस लुमिंग धूत असे. मला लुमिंगबद्दल फार माया आहे. तोंडाने कधी सांगितले नाही.

तिची भाड्याची खोली मालकाने पाडली, तेव्हापासून ती माझ्या मागच्या खोलीत राहते. मी गेलो की तिला बाहेर काढणार, हे रोमुलोनेच मला सांगितले. तिला जायला दुसरी जागा नाही.

“काका, ती आपली कोण लागते हो?” त्याने विचारले.

मी त्याच्याच बाप्तिस्म्याचा फोटो पुढे ठेवला. आई, बाप, तो, आणि कडेला लुमिंग.

“ही बाई जिथं तिथं घुसते!”

“घुसली नाही रे. तुझ्या आईनं हाक मारली. मध्ये तू होतास.”

त्याने फोटो पालथा ठेवला. मग घराला भाव काय येईल ते विचारले.

कलम ६. हे कलम सह्यांच्या आधी, वकील विलारूस नको नको म्हणत असताना वाढवले आहे.

कायद्याला तीन साक्षीदार लागतात. वकिलांनी तीन रेघा ओढल्या आणि सगळे त्या रेघांकडे पाहत बसले. दाई झेनाइदाने वरची रेघ पकडली. बेकरीवाले फाउस्तिनो म्हणाले, “मी आपला खाली करतो. माझी मुलं अजून लहान आहेत.” त्यांची मुले नोकरीला आहेत. तिसरा साक्षीदार चर्चचा सेवेकरी. मधली रेघ आपली हे कळताच त्याला घंटा वाजवायची आठवण झाली, आणि तो गेला तो गेलाच. मग उरलेल्या दोघांनी सवयीने एकदमच हाक मारली, “ए लुमिंग, ये गं!”

ती हात पुसत आली. वकील ताडकन उठले. “ही नको! जिला घर मिळायचं तिचीच सही? पुतण्याच्या हाती कोलीत द्यायचंय का?”

“कुणाला घर?” लुमिंगने विचारले.

“तुला,” मी म्हणालो.

तिने पुसलेले हात पुन्हा झग्याला पुसले. मग म्हणाली, “मग मी जाऊ? केळी जळतील.”

“जळू देत. तू बस.”

ती खुर्चीच्या अगदी काठावर बसली आणि रडू लागली. तिसरा साक्षीदार नसेल तर हा कागद रद्दी होता, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते. झेनाइदा आणि फाउस्तिनो जमिनीकडे पाहू लागले.

भिंतीपलीकडे दोमिनादोरने सगळे ऐकले होते. तो दारात आला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहून बोलला. “मधली माझी. माझ्या प्रत्येक पोरासाठी ही उन्हात उभी राहिलीय. मरायचंच तर मरू की! पण तुझा पुतण्या हरलेला बघून मरू.”

लुमिंग उठली आणि आपली खुर्ची तिने त्याला सही करायला दिली. त्याने ती घेतली नाही. वाकून, उभ्यानेच सही करीन म्हणतो.

मालाबोन, दिनांक १४ नोव्हेंबर २०११.

लिहून देणार: एपिफानियो माकाराएग

साक्षीदार:
वर: झेनाइदा मानालांग
खाली: फाउस्तिनो एस्पेलेता
मध्ये, राजीखुशीने: दोमिनादोर बुएनकामिनो