जेवणाच्या टेबलाच्या काचेबाबत

तीर्थस्वरूप ताईंना नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? मी बरा आहे, वेळेवर जेवतो. (तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच लिहिले.)

रविवारी तुम्ही घर आवरायला येणार, तेव्हा परवाची हकीकत दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच कळवतो. माझे काम तुम्हाला ठाऊक आहे: काचेवर मखमल एकाच दिशेने घासायची, वर द्रवस्फटिकाचा थेंब सोडायचा आणि त्यातले रेणू घासल्या दिशेने किती शिस्तीत रांग धरतात ते मोजायचे. (टीव्हीच्या पडद्यात असतो तोच पदार्थ. तुमची बहीण सगळ्यांना ‘हे टीव्ही पुसतात’ एवढेच सांगे.) ती टेबलही रोज खिडकीकडून दाराकडेच पुसायची, मी उलटा हात मारला की फडके काढून घ्यायची. ती गेल्यावर मनात आले, इतक्या वर्षांत काचेला काही वळण लागले असेल का? म्हणून टेबलावरची काच टेंपोत घालून प्रयोगशाळेत नेली. तिथे नमुना दिव्यावर ठेवून, वरून खास भिंगातून बघत गोल फिरवावा लागतो. रेणू रांगेत असले तर एका कोनाला सगळे एकदम काळे दिसते. आमचे नमुने नखाएवढे असतात. ही काच सहा माणसांच्या जेवणाची. त्यामुळे चौघे जण कोपरे धरून घाण्याच्या बैलांसारखे फिरत होते, हिशेबनीस उलटे चालत होते, भिंतीवरचे घड्याळ पडले, आणि साहेब भिंगात डोळा घालून ओरडले, “अंधार! अहो, आपल्या मशीनला जन्मात जमलं नाही असं! घासलंय कोणी?”

“बायकोनं,” मी म्हणालो.

“मग उद्यापासून कामालाच बोलवा की त्यांना!”

(साहेब नवे आहेत.) चौघांच्याही हातात काच होती, त्यामुळे कोणाला माझ्या पाठीवर हात ठेवता आला नाही. ते बरेच झाले.

काच पुन्हा जागेवर बसवली आहे. बाकी ठीक.

आपला मेहुणा

ता. क. कपाटे, माळा, काय हवे ते आवरा. काचेला मात्र फडके लावू नका. तुम्ही गोल गोल पुसता.

पुन्हा ता. क. तिच्या खुर्चीसमोरही एक थेंब टाकून पाहिला होता. तिथे रांग वगैरे काही नाही, नुसती वेटोळी. चहा घेताना मी रेणूंविषयी बोलत असे, तेव्हा ती तिथे बोटाने काहीतरी गिरवत बसायची. मला वाटे, ऐकते आहे. आता टेबलाशी खुर्च्या दोनच उरल्या आहेत आणि तिच्या जागेवर ताट नको, म्हणून रविवारी जेवायला तुम्ही माझ्या जागेवर बसा. मी उभ्याने जेवेन.