राख्याला मारायचं कसं

३ नोव्हें., रवि. रोहा
माझ्या खेळात (फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची) आता एकच भूत करायचं उरलंय, खजिन्यावरचा राखणदार. मेलेला, तरी पहाऱ्यावर उभा. नाव ‘राख्या’. साठ प्राण, तलवारीने तुटत नाही, मिठाने जळतो. पुण्याच्या प्रकाशकाची अट एकच, खेळाडू त्याच्याशी लढले पाहिजेत. २५ ता.पर्यंत दिला तर छापणार. नाहीतर ‘पुढच्या वर्षी बघू’. म्हणजे कधीच नाही, एवढं कळतं मला.

५ नोव्हें., मंगळ.
चाचणी. मेव्हणा बाळा आणि कंपनीतला अस्लम शिफ्ट संपवून आले. राख्या खजिन्याच्या पेटीआडून उठला. वाटलं, आता फासे पडतील. तर बाळा म्हणे, "माझ्या सामानात नारळ हाय का?" नाही. "मंग गावात जाऊन घेऊन येतो." अस्लम म्हणाला, "माझी ऊदबत्ती पण आन." खेळातच दोघंही खजिना सोडून गावात परत गेले!

१० नोव्हें.
राख्याचे दात वाढवले. कुजका वास दिला. बाळाने गाऱ्हाणंच घातलं, "बा राखणदारा, चुकलंमाकलं पोटात घाल." मी चिडलो. अस्लम शांतपणे, "तो कुठं आपल्यावर आलाय? आपणच त्याच्या दारात आलोय ना." यावर नियमच नाही माझ्याकडे.

१४ नोव्हें. पेण
बायकोच्या, मनीषाच्या, मामांच्या गणपतीच्या कारखान्यात. राख्याची वीतभर मूर्ती करून मागितली होती. समोर भयंकर दिसला तर मारतील, हा हिशोब. मामांनी अंग झकास केलंय, पण डोळेच नाहीत. "मेलाय ना तो? डोळे आखले तर जिता व्हईल. आन मारायलाच पायजे तर माझ्याकडं कशाला आलास?" येताना वडखळला ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो. मांडीवर राख्या, पेपरात गुंडाळलेला. त्याचा चेहरा तेवढा उघडा ठेवला होता. का, कोण जाणे.

१९ नोव्हें.
प्रकाशकाचा फोन. "अहो, नक्की राक्षस आहे की देव?" राक्षस, म्हटलं. आणि घाईने फोन ठेवला.

२४ नोव्हें., रवि., दुपार
उद्या शेवटची तारीख. त्या दोघांचा नाद सोडला. मनीषाला नियम समजावले, म्हटलं, तू खेळ चालव, मी खेळतो. माझाच राख्या, मीठ माझ्या झोळीत. एक लढाई करायची, लिहून पाठवायची, मोकळं व्हायचं.
तिने मूर्ती मांडली. "उठला तो. काय करणार?"
फासे हातातच राहिले.
"चपला काढतो," म्हणालो.
लाज वाटली. मनीषा हसली नाही, वहीत लिहून घेतलं तिने. मग म्हणाली, "बरं. पुढं?"