बसने गेलेल्या तपासणीचा वारसा

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, प्रदूषण नियंत्रण कार्यालयातील निवृत्त नमुना सहायक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या मुलाचे मत वेगळे आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते त्यानेच टाइप केले होते.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, मुलाला. तो रंगाच्या कारखान्यात प्रसिद्धी अधिकारी आहे. कारखान्यामागच्या ओढ्याला वास येत नाही, असे पत्रक त्याने काढले आहे. म्हणून अट एकच: ओढ्याकडची खिडकी, जी आम्ही कित्येक वर्षे बंद ठेवली आहे, ती उघडी ठेवून त्याने इथे राहावे. सूनबाईंनी मला बोल लावू नये, पत्रक मी लिहिलेले नाही.

कलम २. नमुने घेण्याची बादली व दोरी माझ्या जागेवर आलेल्या बाईंना. दोरी कोरी करकरीत आहे. बाटली नळाखाली धरली की दोरी लागत नाही.

कलम ३. आमचे माजी साहेब माझ्याकडे जो रुमाल विसरले, तो त्यांना परत द्यावा. तो नाकावर घट्ट धरून ते अहवालात लिहीत, 'गंध: आढळला नाही.' माझा त्यांच्यावर राग आहे आणि तो मी कोणाच्या नावे करत नाही, सोबत नेणार आहे.

कलम ४. हे सावकाश वाचावे. आमच्या कार्यालयाला गाडी नव्हती. त्यामुळे अचानक तपासणीला जायचे, तर आम्हाला न्यायला कारखान्याचीच जीप येई. जीप फाटकातून निघाली की तिकडे काळे पाणी बंद आणि नळाचे पाणी सुरू. सोळा वर्षांपूर्वी जीप बिघडली आणि मी शहाणपणा करून बसने गेलो. मागच्या फाटकाशी खरे पाणी वाहत होते. बाटली भरली, प्रयोगशाळेत दिली. चिठ्ठी आली: क्रोमियम मर्यादेच्या चाळीसपट.

साहेबांनी जीपची वही उघडली. "वहीत फेरीच नाही, मग तुम्ही गेलात कसे?"

"बसने."

"अहो, बसने गेलेली तपासणी मी कोणत्या रकान्यात लिहू?"

रकाना नव्हता, म्हणून तपासणी झालीच नाही. दोन दिवसांनी जीप दुरुस्त झाली. मी तिच्यातून गेलो, नळाचे पाणी आणले आणि 'पाणी योग्य' या शब्दांखाली सही केली. त्या सहीवर परवाना तीनदा वाढला. खालच्या वस्तीतली माणसे ओढ्याकाठच्या विहिरीचे पाणी पीत राहिली.

माझी मुलगी त्या वस्तीतल्या शाळेत शिकवते. गेल्या वर्षी तिने विहिरीच्या पाण्याचा ग्लास माझ्यासमोर ठेवला.

"बाबा, सही तुमचीच ना?"

"हो."

"मग प्या."

मी प्यालो नाही. तिने ग्लास मोरीत ओतला आणि पिशवी उचलून गेली. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

प्रयोगशाळेची मूळ चिठ्ठी साहेबांनी फाडायला सांगितली होती. भित्रा असूनही ती मी फाडली नाही. ती आणि हे कलम मुलीला.

कलम ५. बँकेतली ठेव शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी. टाकीवर माझे नाव घालू नये.

कलम ६. कारखाना दुप्पट करण्याच्या परवानगीची जनसुनावणी येत्या मंगळवारी आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, माझी नोकरी जाईल, तुमची पेन्शन जाईल. हे कलम निदान तुमच्यामागे वाचले जाऊ दे." माझाही बेत तोच होता. मेलेल्या माणसाला कारणे दाखवा नोटीस येत नाही. पण डॉक्टर म्हणतात, मी आणखी दहा वर्षे सहज काढीन, आणि तोवर वस्तीने तेच पाणी प्यायचे.

तेव्हा घर, दोरी, रुमाल व ठेव माझ्या मरणापर्यंत थांबतील. कलम ४ थांबणार नाही. ते मुलीने मंगळवारी सर्वांसमोर वाचावे. मी तिच्या शेजारी उभा असेन. कार्यालयाने नोटीस याच पत्त्यावर पाठवावी. मी घरीच असतो.

सही: (सावकाश, वाचून केलेली)
साक्षीदार १: शेजारचा शिंपी
साक्षीदार २: दाखला देणारे डॉक्टर
ठिकाण: स्वयंपाकघर, बंद खिडकीजवळ
दिनांक: सुनावणीच्या आधीचा रविवार