दोनशे दहा तासांवर एक सही

प्रति,
मा. अनुदान अधिकारी,
विधिसंघर्षग्रस्त बालक उत्तरदायित्व योजना.

विषय : पर्यवेक्षकाचे अनुदान मंजूर होऊन मुलीच्या कामाच्या तासांवर सही मिळणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, ‘अर्ज विचाराधीन आहे’ एवढ्याच मजकुराचे.

महोदय,

१. सविनय सादर करतो की, माझे चष्म्याचे दुकान असून मार्चमध्ये एका सतरा वर्षांच्या मुलीने दगड मारून त्याची दर्शनी काच फोडली. आपल्या योजनेनुसार तिने माझ्या, म्हणजे ‘पीडित’ इसमाच्या, दुकानात साठ तास काम करावे व पर्यवेक्षकाने त्यावर सही करावी असे ठरले. मुलगी नऊच्या ठोक्याला हजर झाली. पर्यवेक्षक अनुदानाअभावी अद्याप नेमलेलाच नाही.

२. सहीविना तास धरत नसल्याने तिचे आजवरचे दोनशे दहा तास कागदोपत्री शून्य आहेत. तिने कपाटे दोनदा रंगवली. गिऱ्हाइकांना ‘हा तुम्हाला शोभत नाही’ असे तोंडावर सांगून चौघांना परत पाठवले. आपल्या कार्यालयात विचारले असता, “येऊ दे की तिला, तुमचं काय जातंय?” असे उत्तर मिळाले. माझे बरेच जाते. दुसरे काम न उरल्याने तिने अखेर माझी, गिऱ्हाइकांच्या नावानिशी ठेवलेली भिंगांची जुनी पाकिटे लावायला घेतली.

३. तिथेच माझी फजिती झाली. एका पाकिटात तिच्या आजीची भिंगे तशीच सापडली. आजींना मी भलत्याचीच बसवून दिली होती. त्या तक्रार घेऊन आल्या तेव्हा ‘चार दिवसांत सवय होईल’ असे मीच ठणकावले होते. तिसऱ्या दिवशी जिन्यावरून पडून त्यांचे मनगट मोडले. चौथ्या दिवशी दगड आला. मुलीने पाकीट माझ्यापुढे ठेवले आणि फडके उचलले. महोदय, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

४. वीस तारखेपर्यंत पूर्तता प्रमाणपत्र न दिल्यास मुलीचा तंत्रनिकेतनातला प्रवेश रद्द होईल. मी बिनपगारी पर्यवेक्षक होण्यास तयार आहे. परंतु नियम अकरानुसार पीडितास पर्यवेक्षक होता येत नाही. सबब, पीडित या पदाचा मी आज रोजी राजीनामा देत असून तो तात्काळ मंजूर व्हावा. रिक्त जागी तिच्या आजींची नेमणूक करावी, आणि माझ्याकडून किती तास काम करून घ्यायचे ते त्यांनाच ठरवू द्यावे.

आपला नम्र, तसेच दोषी,
कोपऱ्यावरचा चष्मेवाला
दि. १२ जून

सोबत :
१. राजीनामा, दोन प्रतींत.
२. तासांची वही (सह्यांचा रकाना कोरा).
३. नवा चष्मा मिळाल्याची आजींची पोच (सही रेघेवर आलेली आहे).