आईकडून उतरलेलं

१० नोव्हेंबर
धुळ्याहून जळगावला आले, नोकरीला लागले! प्रयोगशाळा गावाबाहेर, खिडकीतून केळीच केळी. काम माइटचं: टाचणीच्या टोकाहून बारीक, आठ पायांचा जीव, केळीचे कुजके कंद खाणारा. या माइटच्या पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा जनुकक्रम वाचायचा. हा क्रम फक्त आईकडून उतरतो, बापाचा काडीचा संबंध नाही. नमुने चुडामण सरांच्या रावेरच्या मळ्यातले. माझ्या आधीची कामिनी न सांगता लग्न करून गेली, असं सर म्हणाले. आमच्या जैनांच्या घरात पाणी गाळून पितात आणि मी जीव चिरडायला बसले, म्हणून मम्मीचं तोंड अजून वाकडं आहे.

२१ नोव्हेंबर
क्रम चक्क माणसाचा आला! सर सगळ्यांसमोर म्हणाले, ही हात न धुता नमुन्यात बोटं घालते. पुन्हा असं झालं तर घरी. तळपायाची आग मस्तकात गेली. अशी भेसळ पकडायला इथे प्रत्येकाचा क्रम आधीच काढून ठेवतात. ताडून पाहिला. माझा नाही, कामिनीचा! बया गेली ती गेली, खरकटं माझ्या गळ्यात मारून गेली.

६ डिसेंबर
नवी भांडी, नवी रसायनं. माइट स्वच्छ केळ्यावर वाढवल्या, त्यांच्या पिल्लांचा क्रम वाचला. तरी कामिनीच. सरांना दाखवलं तर त्यांना घाम फुटला. म्हणाले, त्या क्रमाला तिचं नाव चुकून लागलं असेल, सगळं जाळून टाक. का जाळू?

८ डिसेंबर
फाटकावर कुंदाबाई आल्या होत्या, कामिनीची आई, चोपड्याहून. दिसेल त्याला अहिराणीत एकच विचारतात, "मनी पोर कोठे शे?" माझी पोर कुठे आहे? लग्नबिग्न काही नाही. सरांच्या मळ्यात नमुने आणायला गेली, ती आलीच नाही. सरांनी त्यांना हाकलायला लावलं. नालायक माणूस! त्या उभ्या होत्या तोवर डबीतल्या सगळ्या माइट फाटकाकडच्या बाजूला चिकटून होत्या. मी बाहेर पळाले, क्रम काढायला त्यांच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून आणला.

११ डिसेंबर
जुळला. आईचा, लेकीचा, माइटचा— एकच. मळ्यात या माइटनी नुसते कंद नाही खाल्ले—

सरांच्या तोंडावर कागद फेकला. म्हणाले, मळ्यात चल, समजावतो. मी बाहेर आले आणि त्यांच्या केबिनला बाहेरून कडी घातली. पोलिसांना फोन केलाय. कुंदाबाईंनाही.

डब्या रिकाम्या. फरशीवर पांढरी भुकटी सरकतेय— माझ्या पायांना वळसा घालून— केबिनच्या दाराखालून आत—

दार बडवतोय. नाही उघडणार. ओरड मेल्या!

थांबलं.

आतून बाईचा आवाज. "मनी माय कोठे शे?"

फाटकाशी आली गं तुझी माय, आली बघ. थांब, कडी का—