हो, बत्ताशा, हो

२ नोव्हेंबर, रविवार

आज पुरती शोभा झाली. आनेकलच्या पुढच्या फार्मवर घोड्यांच्या क्रॉस-कंट्रीचा सराव, आजूबाजूच्या सगळ्या तबेल्यांची माणसं आलेली. बत्ताशाने रुंद ओंडके मजेत ओलांडले, खंदकही ओलांडला. मग आली अरुंद उडी. स्किनी म्हणतात तिला, घोड्याच्या छातीहून जेमतेम रुंद. सरळ गेला, गेला, आणि अगदी तोंडाशी येऊन डावीकडे सटकला. मी उजवीकडे, रागीच्या शेतात.

पुन्हा नेला. पुन्हा डावीकडे. मग छडी मारली. तरी डावीकडेच. कुंपणापाशी कुणीतरी फिस्सकन हसलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "चोर आहे हा! ऐन वेळी दगा देतो. रेसवाल्यांनी पार बिघडवून ठेवलाय."

म्हटल्यावर बरं वाटलं. ते जास्त वाईट.

सरोजाक्काने लगाम धरून त्याला बाहेर नेला. वर्षभर ब. तिच्याच शेडमध्ये आहे, तीच मला शिकवते, आणि आज तिचंही नाक कापलं मी. ट्रेलरमध्ये चढवताना एवढंच म्हणाली, "अरुंद उडी घरी बांध. रोज दिसली की भीती जाते."

घरी आई : "पडलीस? या वयात? घरात भांड्याला बाई नाही, आणि आमच्याकडे घोडा!"

५ नोव्हेंबर, बुधवार

बोम्मसंद्र्याला कारखान्यात आमच्या पर्चेस खात्याच्या मागे भंगार पडलेलं असतं. निळे प्लास्टिकचे ड्रम, मोडकी पॅलेट्स. साहेबांना विचारलं. "कशाला हवंय, मॅडम?" घोड्यासाठी म्हणायला जीभ उचलेना. कुंड्या करायच्यात म्हटलं. एवढ्या मोठ्या? मोठी झाडं, सर.

खोटं बोलायचं काय नडलं होतं, कळत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

टेम्पो शेडवर पोचला. सकाळभर पॅलेट्सचे खिळे उपसत बसले, बोटाला फडकं. दोन ड्रम आडवे, टोकाला टोक लावून. गडगडू नयेत म्हणून खाली पाचरा आणि वाळूच्या गोण्या. दोन्ही बाजूंना पुढे आलेले बांबू टेकवले, नरसाळ्यासारखे, म्हणजे घोडा आपोआप मधे येतो. दिसायला अगदी भिकार. मला मात्र फार आवडली.

ब. गेला! उडीआधी जरा अडखळला, पण बांबू होते, बाजूला जायला वाट नव्हती, गेला. अक्का कुंपणावरून कन्नडात ओरडली, "चेन्नागिदे!" छान म्हणाली, चक्क.

मी आता शेवटपर्यंत त्याच्याशी बोलत राहते. अरुंद काही दिसलं की मीच घाबरते, तोंड बंद राहतच नाही. अप्पा मला सायकल शिकवताना मागून धावत म्हणायचे तसं. हो, हो, जमतंय, हो. तेवढ्यावर मी अख्खा रस्ता पार केला होता.

नंतर त्याला धुतला. अंगावर पाणी घ्यायला कुरकुर करतो, पण एकदा "होऽ" म्हटलं की पुतळा. शेडमध्ये सगळे तसंच म्हणतात त्याला, रेसकोर्सवरची सवय. जमिनीवर इतका शहाणा आणि वर बसलं की चोर. माणसासारखाच आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

एक ड्रम काढला. बांबू जमिनीवर आडवे टाकले, नुसती खूण म्हणून. डावीकडे. बांबू परत टेकवले, गेला. काढले, डावीकडे.

उडीची जागा बदलून पाहिली. ड्रमवर पोतं टाकून पाहिलं, निळ्या रंगाला बुजत असेल म्हणून. काही नाही. मी घसा बसेपर्यंत समजावतेय, आणि हा तोंडाशी येऊन पाय आखडतो.

मुद्दाम करतो. मला खात्री आहे, मुद्दाम.

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहायला नको वाटतंय. पण लिहिते.

आज खूप मारलं त्याला. एकदा नाही. सटकला की मारलं, फिरवून आणला की आधीच मारलं. फऱ्यावर वळ उठला, पांढऱ्या अंगावर लगेच दिसतो. अक्का मोबाइलवर व्हिडिओ घेत होती, माझे हात कुठे चुकतात ते दाखवायला. तो बंद करून आत आली, छडी माझ्या हातातून काढून घेतली. "साकु, नीला. साकु." म्हणजे पुरे.

मग चहा. शेवटी तीच म्हणाली, उडी नकोच असेल त्याला. होसूरकडचे तुळजाराम वरातीसाठी पांढरा घोडा शोधताहेत. माणूस चांगला, खाऊपिऊ घालतो. विचारू का?

मी म्हटलं, "सरी." ठीक आहे म्हणून.

विचार नाही, काही नाही. अक्काच जरा बघत राहिली. मग "होगली बिडी" म्हणाली. जाऊ दे म्हणे. कशाला जाऊ दे, ते विचारलं नाही मी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आईला सांगितलं. वाटलं, सुटलो म्हणेल. तर म्हणते, "वरातीत? अग, दिवाळीत फटाक्यांनी थरथरत होता म्हणून तू रात्रभर तिकडे राहिलीस ना? आणि आता बँडपुढे उभा करणार त्याला?"

मी तिच्यावरच खेकसले. तुला काय कळतंय त्यातलं. आई उठून आत गेली.

ऑफिसात साहेबांनी विचारलं, कुंड्यांत काय लावलं? कडीपत्ता म्हटलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

अक्काने व्हिडिओ रविवारीच पाठवला होता. आठवडाभर उघडला नव्हता. आज दुपारी जेवणानंतर उघडला. आई शेजारी अवरेकाळू, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत बसलेली, चष्मा नाही, तिला नुसता आवाज.

थोड्या वेळाने म्हणते, "नीले, तू त्याला सारखं हो हो काय म्हणतेस? तो काय विचारतोय?"

मी हसले. मग आवाज मोठा करून परत लावला. मग परत.

उडीकडे जाताना माझा आवाज. होऽ... होऽ... होऽ, बत्ताशा. आणि त्याचा कान मागे वळतो. चाल मोडते. पाय आखडतात. थांबायला बघतोय तो! मी सांगतेय म्हणून थांबायला बघतोय. तेवढ्यात माझी टाच. आता थांबायचं की जायचं? पुढे ड्रम, पोटात टाच, कानात हो. मग बिचारा जिथे मोकळं दिसतं तिथे जातो. मग छडी.

रुंद उड्यांना मी घाबरत नाही, म्हणून गप्प असते. म्हणून तिथे तो चोर नसतो.

तोच शब्द. धुताना थांब म्हणून तोच, उडीवर शाबास म्हणून तोच. अप्पांचा हो माझ्यासाठी होता. घोड्याला काय माहीत माझे अप्पा.

त्याने प्रत्येक वेळी ऐकलं माझं. आणि ऐकलं म्हणून मी मारलं. शी! मला माझीच शिसारी आली. आई म्हणाली, काय झालं ग, रडतेस का? शेंगेचं पाणी उडालं म्हटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

गप्प राहायचं ठरवून राहता येत नाही. माझं तोंड मला माहीत आहे. म्हणून बाटलीतलं पाणी तोंडात भरून बसले. गाल फुगवून घोड्यावर. कुणी पाहिलं असतं तर!

एकच ड्रम, बांबू नाहीत. घशात हो आला, पाणी होतं म्हणून आतच राहिला. ब. चा कान एकदा मागे आला, वाट पाहिली त्याने, काही आलं नाही. कान पुढे. गेला. सरळ, मधोमध, दोरी आखल्यासारखा.

परत. गेला. मग ड्रम उभा केला, माझ्या दोन हातांच्या मिठीत मावेल एवढाच रुंद. गेला!! पाणी गिळलं आणि मानेला मिठी मारली. त्याने माझ्या बाहीला नाक पुसलं. माफ वगैरे काही नाही, गूळ शोधत होता.

अक्का धावत आली. सांगितलं तिला सगळं. ती कपाळावर हात मारून हसायलाच लागली. "अय्यो! मला वाटलं तू कन्नडात सांगतेस. होगो, होगो. जा, जा! कुंपणावरून हो तेवढंच ऐकू येतं. म्हटलं बरोबर बोलतेय." म्हणजे त्याला मी थांब म्हणत होते, मला वाटत होतं शाबास, अक्काला वाटत होतं जा. तीन माणसांना, म्हणजे दोन माणसांना आणि एका घोड्याला, तीन अर्थ. त्यात चूक नसलेला तो घोडाच तेवढा.

मग तिचं लक्ष वळाकडे गेलं. हसू थांबलं.

"नीला, मी तुळजारामांना शब्द दिलाय. तुझ्या सरीवर. त्यांनी दुसरा घोडा सोडला माझ्यावर भरवसा ठेवून. आता मी नाही म्हणू शकत नाही. त्यांनीच नको म्हटलं तर गोष्ट वेगळी. शनिवारी येतील. तूच बोल."

सरावाच्या ग्रुपवर लिहिलं, बत्ताशा चोर नाही, चूक माझी होती. पाठवायच्या आधी पुसलं. लोक विचारतील, काय चूक? काय सांगू, मराठी बोलले?

२९ नोव्हेंबर, शनिवार

तुळजाराम आले. मला वाटलं होतं कुणी आडदांड असेल. साधा, पांढऱ्या मिशांचा माणूस, खिशात गूळ. जुन्या मराठी घरातला निघाला, होसूरला कितीक पिढ्या. बोलायला लागला तर आमच्या आत्याच्या घरी बसल्यासारखं वाटलं. त्यामुळे अजूनच अवघड.

ब. ला बाहेर आणला, दोर माझ्या हातात. त्यांनी दात पाहिले, खूर पाहिले. वळाच्या खुणेवर बोट फिरवलं, विचारलं काही नाही. मग मोबाइलवर बँड लावला, मोठ्याने. ब. नाचायला लागला, डोळे पांढरे, दोर ओढतोय. त्यांनी बँड चालूच ठेवला. "सवय होते, ताई. पहिल्यांदा सगळेच भितात."

अक्का शेडच्या दारात, हाताची घडी घालून.

मग ते जरा जवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, एक विचारतो, राग मानू नका. आनेकलकडे लोक सांगत होते, मालकीणच म्हणाली म्हणे, घोडा चोर आहे. वर कुणाचा तरी मुलगा बसणार, नवरदेव, अंगावर फुलं. चोर असेल तर मला नको, मी आत्ता जातो, सरोजाक्कांना बोल लावणार नाही. खरं काय ते तुम्ही सांगा. चोर आहे का?"

म्हणजे एका शब्दाचं काम. एवढा एक शब्द, आणि ब. माझा. सरोजाक्काचा शब्दही राहतो. त्याच्या नावावर एकदा चिखल फेकलाच आहे, अजून थोडा.

मी म्हटलं, "हो."

आणि दोर सैल झाला. बँड कानाशी वाजतोय, अंग थरथरतंय, पण चारी पाय जमिनीवर. पुतळा. एक कान माझ्याकडे.

तुळजाराम त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. बँड बंद केला. "चोर घोडा एका शब्दात असा उभा राहतो होय?"

मी दोर गोळा करायला लागले. अक्का आत निघून गेली.

जाताना त्यांनी ब. ला सगळा गूळ दिला. "उद्या फोन करा, ताई. काय सांगायचं ते सांगा. मी ऐकून घेईन." चिडून नाही म्हणाले. चिडले असते तर बरं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

आज शेडवर गेले नाही. नंबर काढून फोन समोर ठेवलाय. काय सांगायचं ते पाठ आहे. घोडा चोर नाही. मी काल खोटं बोलले. आधीही बोलले होते. घोडा फार चांगला आहे, म्हणूनच मला तो द्यायचा नाही, पण शब्द गेलाय, तुम्ही म्हणाल तसं. एवढंच. आणि मग ते म्हणतील, बरं, मग नेतो.

ड्रम तिकडे तसाच उभा आहे, मैदानाच्या मधोमध.

आई स्वयंपाकघरातून विचारतेय, "नीले, केलास का ग त्यांना फोन?"

"हो," म्हटलं, आणि जागची हलले नाही.