मालूतायची कोंबडी पेणला कशी राहिली

आणि कोंबडी मी चोरली नाही. हे मी तुला फोनवर तीन वेळा सांगायला गेलो. तिन्ही वेळा माझं "कोंबडी" एवढंच बोलून झालं, पुढचं सगळं तूच बोललीस. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही, म्हणून हे पत्र. सहावीनंतर एवढं पहिल्यांदाच लिहितोय, अक्षराला नावं ठेवू नको. (ठेवशीलच.)

आता राहिलेली रीत करतो. मालूतायला धाकट्या जनूचा वाकून नमस्कार. दत्ताभावजी आणि पोरं मजेत असतील असं धरून चालतो. तुझी कंबर कशी हाय? खांबला हायवेच्या कडेला भाजी घेऊन बसतेस तर तोंडाला फडकं बांध, असं लिहिणार होतो, पण मी हल्ली कुणाला सल्ला देत नाय. का देत नाय, तेच सांगायचंय.

आई गेल्यापासून बाबा बोलायचा थांबला हे तुला ठाऊक. आठ महिने. वाडीवर जो येईल तो उपाय सांगायचा. कोण म्हणे रडून घे, कोण म्हणे रडू नको, तू म्हणालीस मोबाइलवर भजनं लाव, आणि मी तर मोरबीच्या कारखान्यातून सुट्टीवर आलो त्याच दिवशी सतरा उपाय सांगितले. बाबा आपला उंबऱ्यावर बसून चुलीकडे बघत राहिला. मग मी त्याला चष्म्यासाठी पेणला नेला. दुकानदाराने विचारलं, अक्षर दिसतं का? बाबा गप्प. म्हणून मीच वाचून दाखवलं, आणि चष्मा माझ्या नंबरचा आला. (तोच घालून हे लिहितोय.)

तिथून एसटी स्टँडकडे येताना एका लहान चर्चबाहेर पाटी दिसली. मन मोकळं करायचं असेल तर दर गुरुवारी दहा ते एक, कुणीही यावं. आत जाऊन फी विचारली. म्हणाले, काय नाय. आता तूच सांग, आपल्यात फी न घेता माणसाचं दुखणं कोण बघतो? भगत. आणि भगताकडे रिकाम्या हाताने कोण जातो? म्हणून पुढच्या गुरुवारी नारळ घेतला, आणि तुझ्या खुराड्यातली ती तांबडी पिशवीत घातली. तुला विचारणार होतो, पण तू बाजाराला गेली होतीस. ही चोरी नाय, ही घाई.

तिथे प्रदीपकाका म्हणून होते. फादर नव्हेत, साधा माणूस. धरमतरला बार्जवर चाळीस वर्षं माल उतरवला, इंजिनाच्या आवाजाने डावा कान गेला. आणि तोच माणूस लोकांचं ऐकायला बसतो, उजवा कान पुढे करून. मी कोंबडी पुढे ठेवली आणि म्हटलं, "काका, काय उतरवायचं ते उतरवा." ते म्हणाले, "आम्ही काय उतरवत नाय रे. नुसतं ऐकतो." एवढ्यात तांबडी पिशवीतून निसटली आणि बाकांखालून पळाली. काकांनी सदुसष्टाव्या वर्षी ती पकडली, पण एका पंखाने, आणि तशीच मांडीवर घेऊन बाबासमोर बसले.

बसले ते बसलेच. पाऊण तास. बाबा गप्प, काका गप्प. मला राहवेना, मी बाबाच्या वतीने उत्तरं द्यायला लागलो (प्रश्न कुणी विचारला नव्हता). तेव्हा नूतनबाई, त्याही तिथल्याच, मला चहा देऊन पायरीवर घेऊन गेल्या. तेवढ्यात आतून आवाज आला.

"अशी नाय धरायची. पंख दुखतो तिचा."

ताय, बाबाचा आवाज. आठ महिन्यांनी. त्या जागी मी असतो तर म्हटलं असतं, बाबा बोलला, बाबा बोलला, आणि तुला फोन लावला असता, आणि बाबा परत बंद. काका एवढंच म्हणाले, "मग कशी?" बाबाने कोंबडी हातात घेतली. "आमची ही अशी धरायची," म्हणाला, आणि पुढे दीड तास बोलला. मी काय ऐकलं नाय, नूतनबाईंनी मला आणखी लांब नेलं होतं.

नंतर काकांना एकटं गाठून विचारलं, काय म्हणाला? म्हणाले, "ते त्याचं हाय." मी त्यांना वडापाव खायला घातला. वडापाव खाल्ला, सांगितलं काय नाय. हे लोक सहा रविवार बसून शिकलेत म्हणे. मधे बोलायचं नाय, सल्ला द्यायचा नाय, आपलं रडगाणं लावायचं नाय, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाय. धर्माचं काय म्हणतात म्हणून तुला धाकधूक असेल, तर त्यांनी बाबाला नावसुद्धा विचारलं नाय, त्यानेच सांगितलं. आपल्या घरात चौघांत मिळून यातलं एक जरी कुणाला जमलं तर मी मोरबीहून चालत येईन.

मी इथे करून बघितलं. माझ्या खोलीत ओडिशाचा एक जण हाय, तो त्याच्या भाषेत तासभर बोलला. मला एक अक्षर कळलं नाय, म्हणून मधे बोलायचा प्रश्नच आला नाय. शेवटी त्याने डोळे पुसले आणि मला अख्खी भुर्जी दिली.

निघताना बाबाने तांबडी काकांच्या मांडीवर नीट ठेवली, म्हणाला, सांभाळ. घेणं त्यांच्या नियमात नाय. पण काका बाबाच्या तोंडाकडे बघत राहिले आणि ठेवून घेतली. आता ती चर्चच्या मागे असते, आणि काका तिला नीट धरतात का ते बघायला बाबाला दर गुरुवारी जावं लागतं.

तुझा भाऊ,
जनू

ता. क. मी परत आल्यापासून दोन गुरुवार चुकले. शेजारची जानी सांगत होती, बाबा पुन्हा चुलीकडे बघत बसतो. तू नेशील का गो? येताना एसटीत त्याला काय विचारू नको.

आणखी एक. नूतनबाईंनी त्या दिवशी माझंही ऐकलं. आई गेली त्या सकाळी तुझे तीन फोन आले, मी झोपलो होतो असं तुला सांगितलं. झोपलो नव्हतो. तू ओरडशील म्हणून उचलले नाय. यावर काय बोलू नको, नुसतं वाच.

भावजींच्या फोनवर पैसे टाकलेत. ते कोंबडीचे नाय, कोंबडी तुझीच हाय, गुरुवारी जाऊन बघ. चार गुरुवारांचं दोघांचं तिकीट (तुझं अर्धं धरलंय) आणि काकांचे वडापाव मिळून सहाशे रुपये.